अण्णा जेवतात, पण खाल्लेलं अंगी लागत नाहीये

स्नेहनगरची | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

नमस्कार. एरवी मी इथे रेसिप्यांच्या धाग्यावर भांडताना दिसते, आज विषय वेगळा आहे आणि लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६९. जूनमध्ये कावीळ झाली, आठ दिवस झाडपाल्यात घालवले, मग सीटी स्कॅन केलं तर स्वादुपिंडात गाठ निघाली. ऑपरेशन सध्या होणार नाही म्हणाले, पित्ताची नळी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट टाकला आणि आता केमो चालू आहे. आजाराआधी वजन ७१ होतं, आज सकाळी ६२.

आता माझं कोडं. अण्णा जेवतात हो! पूर्वीइतकं नाही, पण सासूबाई समोर बसून वाढतात, दोन पोळ्या, वरण-भात, वर तुपाची धार, रात्री मऊ खिचडी. तरी मागच्या एका महिन्यात अडीच किलो गेलं. कानशिलं खोल गेलीत, अंगठा आणि शेजारच्या बोटामधला मांसल भाग असतो ना, तिथे खड्डा पडलाय. सप्टेंबरमध्ये सासूबाईंनी अंगठीला आतून दोरा गुंडाळून दिला होता, काल दोऱ्यासकट अंगठी पोह्यांच्या ताटलीत पडली. अण्णा म्हणाले, सोन्याचे पोहे, आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानवर पण नाही मिळणार. हसलं कोणीच नाही.

त्यात नणंदेने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला की प्रोटीन दिलं की गाठ वाढते, तेव्हापासून पनीर बंद आणि वरणही एकदाच. मला कळत नाहीये की हे बरोबर आहे की आपण माणसाला उपाशी मारतोय. डॉक्टरांना विचारलं तर "हाय प्रोटीन डाएट द्या" एवढं बोलून पुढचा पेशंट. हाय म्हणजे किती आणि कशातून?

भियाजी_इंदूरी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई टेन्शन नका घेऊ, जिमवाला मास गेनर येतो तो द्या दोन टाइम, माझं तीन महिन्यांत सहा किलो वाढलं.

झोपाळा_बडोदा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

भियाजी, प्लीज नको. त्या डब्यात बरंचसं साखर-पीठच असतं, आणि स्वादुपिंडाच्या पेशंटची शुगर आधीच वरखाली होत असते.

स्नेहनगरची ताई, मी बडोद्यात डाएटिशियन आहे, कॅन्सरचेच पेशंट बघते. इथे बसून उपचार सांगणार नाही, पण चार गोष्टी विचारते. शौच कसं होतं? चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं, फ्लश केलं तरी भांड्याला चिकटून राहणारं, फार वास येणारं असं आहे का? जेवणानंतर पोट फुगतं का? शुगर शेवटची कधी तपासली? आणि दिवसभरात काय काय पोटात जातं ते वाटी-चमच्याच्या मापाने लिहा, "नीट जेवतात" असं नको.

स्नेहनगरची | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

शौचाचं अण्णांना विचारायची माझी हिंमत नव्हती, नवऱ्याने विचारलं. तुम्ही लिहिलं तस्संच आहे, दोन महिने झाले म्हणे! आम्हाला वाटलं केमोमुळे. शुगर ऑगस्टनंतर तपासलीच नाही.

खाणं: सकाळी पोहे एक प्लेट, एक कप दूध. दुपारी दोन पोळ्या, दुधी-गिलक्याची भाजी, एक वाटी वरण, थोडा भात. चारला शिरा दोन-चार चमचे. रात्री मऊ खिचडी आणि तूप.

झोपाळा_बडोदा | १० नोव्हेंबर, दुपारी ३:२०

मग सगळ्यात आधी हे ऐका, बाकी नंतर. स्वादुपिंडाचं एक काम पचनाचे रस बनवणं हे आहे. गाठीने नळी दाबली की ते रस आतड्यात पोचतच नाहीत, मग तूप, दूध, डाळ जे घालाल ते बरंचसं न पचता बाहेर. तुपाची धार सरळ कमोडमध्ये जातेय हो. ह्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, ह्या आजारात हा त्रास सर्रास असतो आणि तितकाच सर्रास विसरला जातो. उद्याच कॅन्सरच्या डॉक्टरांना शौचाचं वर्णन सांगा, लाजू नका, आणि शुगर करून घ्या. इन्सुलिन कमी पडत असेल तर त्यानेही मांस झडतं.

आता तुमच्या ताटाचा हिशेब. पोहे ४ ग्रॅम प्रोटीन, दूध ६, पोळ्या ७, वरण ५, भात-भाजी मिळून ४, खिचडी ६. झाले ३२, ते पण सगळं पचलं तर. आणि लागतं किती? कॅन्सरच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीडपर्यंत, म्हणजे ६२ किलोला साधारण ७५ ते ९०. कॅलरी किलोमागे २५ ते ३०. तर अण्णा निम्म्यावर पण नाहीत. आपल्याकडे वरणाला फार मान आहे, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते मूठभर, बाकी पाणी आणि हळद.

किडनीचा त्रास असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

लष्करकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:१०

ग्वाल्हेरहून नमस्कार. मी आयुष्यभर बायोकेमिस्ट्री शिकवली, आता निवृत्त आहे, घरचे ऐकत नाहीत म्हणून इथे लिहितो.

बडोद्याच्या ताईंनी पचनाचं सांगितलं ते पहिलं बघाच. पण समजा पचलं, तरी ह्या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही ह्याचं दुसरं कारण आहे, आणि ते कळलं की घरातली निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं (निम्मीच, मी आशावादी नाही).

निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर पहिले काही दिवस थोडं मांस मोडतं, मग शहाणं होतं, चरबीवर येतं, मेंदूसुद्धा चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालवून घेतं आणि स्नायू राखून ठेवतं. कॅन्सरच्या खंगण्यात ही काटकसर होत नाही. चरबी जाते आणि मांसही जातं. म्हणून ह्याला नुसती उपासमार म्हणत नाहीत, कॅकेक्सिया म्हणतात, ग्रीकमध्ये अर्थ "वाईट अवस्था". २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून व्याख्या ठरवली: उपासमार नसताना सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, किंवा माणूस मुळात कृश असेल तर २ टक्के गेलं तरी. आणि त्यातच लिहिलंय की नुसतं खाणं वाढवून हे पूर्ण उलटत नाही. अण्णांचे ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो, ती रेषा त्यांनी कधीच ओलांडली.

आता आत काय चालतं ते तुम्हा इंदूरवाल्यांच्या भाषेत सांगतो, कारण स्वच्छतेचा नंबर आला की तुम्ही आम्हाला ग्वाल्हेरवाल्यांना बोलूच देत नाही. तुमच्या गल्लीत सकाळी गाडी येते, ओला सुका वेगळा करून घेते, माल देवगुराडियाच्या कचरा डेपोला जातो. शरीरातही तसंच आहे. रोज साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि तेवढंच नवं बनतं, आपण खातो त्याच्या कितीतरी पट. जे प्रोटीन जुनं झालं, बिघडलं, त्याला युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटते, आणि चिठ्ठी लागली की प्रोटिआसोम नावाचं यंत्र त्याचा भुगा करतं. ही चिठ्ठीची भानगड शोधली म्हणून तिघांना २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. भुग्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे सुटे मणी, परत वापरात. छान चाललंय.

कॅन्सरमध्ये गाठ, आणि गाठीशी लढणारं आपलंच शरीर, दोघं मिळून रक्तात काही निरोप सोडतात, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ वगैरे. (टीएनएफचं एक जुनं नाव कॅकेक्टिन होतं, म्हणजे खंगवणारा, ह्यावरून समजा.) हे निरोप स्नायूंत पोचले की तिथे चिठ्ठ्या चिकटवणारे कामगार वाढतात. मग काय होतं, चांगल्या चालत्या सोफ्याला पण चिठ्ठी, देव्हाऱ्याला पण चिठ्ठी, सगळं गाडीत. आणि नवं फर्निचर बनवणारा सुतार मात्र सुस्तावलेला. त्या भुग्यातली अमिनो आम्लं कुठे जातात? बरीचशी लिव्हर ओढून घेतं, कारण त्याला सीआरपीसारखी सूज-काळातली प्रोटीन बनवायची घाई असते. शिवाय गाठ साखर अर्धवट जाळून लॅक्टेट सोडते, लिव्हर खर्च करून त्याची परत साखर करतं, गाठ पुन्हा तेच. आतबट्ट्याचा धंदा, आणि वीजबिल अण्णांच्या नावावर.

म्हणून नणंदबाईंच्या व्हिडिओचं उत्तर: गाठ तुमच्या पनीरची वाट बघत बसलेली नाही. तुम्ही दिलं नाही तर ती अण्णांच्या मांड्यांतून घेईल. पनीर बंद केल्याने उपाशी कोण राहिलं ते अंगठीने सांगितलंच.

परदेशीपुरा_४५२ | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, देव्हाऱ्याला पण चिठ्ठी, हे वाचून अंगावर काटा आला.

माझ्या मावशीचं उलट झालं. ब्रेस्टचा होता, वजन ८४. किलो जायला लागले तर सगळे म्हणाले बरंय, बारीक होतेय. तिला जिना चढवेना तेव्हा कळलं. डॉक्टरांनी जुन्याच सीटीवर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी मांस मोजून दाखवलं, वरून जाडी आणि आतून स्नायू गायब. नंतर पायावर सूज आली तर काट्यावर वजन वाढलेलं दिसलं आणि घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पाणी होतं ते.

सात्त्विक_जीवन | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:०२

कॅन्सर ही आम्लता आहे. दूध, डाळ, अन्न सर्व बंद करून २१ दिवस फक्त गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र. गाठ उपाशी मरते. अनेकांना गुण. पर्सनल मेसेज करा.

झोपाळा_बडोदा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

६२ किलोच्या खंगलेल्या माणसाला २१ दिवस उपाशी ठेवायला सांगताय, हे इथे असंच राहू देते म्हणजे लोकांना दिसेल. ताई, कृपा करून पर्सनल मेसेज करू नका. आणि जो माणूस बरेच दिवस जवळजवळ काहीच खात नव्हता त्याला एकदम भरपूर खाऊ घालणं पण धोक्याचं असतं, रक्तातले क्षार घसरतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू करायचं असतं. अण्णांचं तसं नाहीये, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय.

स्नेहनगरची | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४८

शुगर जेवणाआधी १९०! एन्झाइमची कॅप्सूल सुरू झाली, शुगरची गोळी पण. डॉक्टर म्हणाले हे आधीच विचारायला हवं होतं. कोणी विचारायला हवं होतं ते बोलले नाहीत. पाच महिने आम्ही फाइल घेऊन त्याच बाकड्यावर बसतोय आणि शौचाचा प्रश्न बडोद्याहून यावा लागला, असो, रडून झालंय माझं.

आता घरचं महाभारत. लिस्ट केली, त्यात अंडी आहेत. आमच्या घरात अंडं आजवर आलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, मी मेल्यावर आणा. नवरा बोलला की मग अण्णा आधी जातील, आणि दोघं दोन खोल्यांत. मी मध्ये पनीरचं पाकीट घेऊन उभी.

झोपाळा_बडोदा | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

अंड्यावरून घर मोडू नका, शाकाहारात पण जमतं, फक्त मोजून करावं लागतं. पनीर ५० ग्रॅम म्हणजे ९ ग्रॅम प्रोटीन. सोयाबीन वडी कोरडी ३० ग्रॅम, मिक्सरमधून चुरा करून भाजीत, खिचडीत, कटलेटमध्ये, त्यात १५. दुधात दोन चमचे स्किम मिल्क पावडर घोटली की ५ वाढतात. दही बांधून चक्का. वरण दुप्पट घट्ट. दाण्याचं कूट हात सैल सोडून. दोन अंडी १२ देतात आणि गिळायला सोपी, म्हणून लिहिली होती. वैसे सोयाबीन तर तुमच्या माळव्याचंच पीक, आणि खायला मात्र कोणी तयार नाही.

दिवसात सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी त्यात प्रोटीन हवंच, नुसता शिरा नको. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, जेवण लांबलं तर अर्धी मात्रा मध्यावर, दुधाच्या कपाबरोबर पण. जेवून झाल्यावर आठवली तर फारसा उपयोग नाही. आणि फोडून गरम वरणात घालू नका, वाया जाते.

लष्करकर | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

एक पुरवणी. ह्या अवस्थेत स्नायू थोड्याथोडक्या प्रोटीनला दाद देत नाहीत, सुताराला उठवायला जरा मोठी हाक मारावी लागते. म्हणून ३-४ ग्रॅमचे किरकोळ तुकडे दिवसभर टाकण्यापेक्षा दोन-तीन वेळा तरी वीसच्या पुढे जाईल असं बघा. आणि हाक नुसती ताटातून जात नाही, स्नायूला काम पण द्यावं लागतं. ते फिजिओवाले सांगतील, कुठे गेले?

पलासियाचा_फिजिओ | १३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आलो. ओपीडी संपली आत्ता.

घरात काय चालतं मी रोज बघतो, आजारी माणसाला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत, प्रेमाने अपंग करतात. स्नायू पडून राहिला की निरोगी माणसाचा पण झडतो, इथे तर आधीच गाडी दारात उभी आहे.

सोपं करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, अण्णांना हात छातीवर घडी करून उठा-बसा सांगा, ३० सेकंदांत किती होतात ते लिहून ठेवा. जेवढ्या होतात त्याच्या निम्म्या, दिवसातून तीनदा. भिंतीला हात लावून टाचा उचलणं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन दंडांचा व्यायाम. केमोनंतरचे दोन-तीन दिवस थकवा असेल तर नुसतं गॅलरीपर्यंत. ताप, चक्कर, प्लेटलेट कमी किंवा हाडांत आजार पसरलेला असेल तर आधी डॉक्टर.

पण दररोज. रविवारी पण.

भियाजी_इंदूरी | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

काका मी मास गेनर मागे घेतो. एक विचारू का, माझ्या मित्राच्या बाबांचं अल्ब्युमिन, रक्तातलं प्रोटीन असतं ते, कमी आलंय, तो म्हणतो बाटली लावून घेतो, हजारो रुपयांची आहे. आणि अशक्तपणाला सलाईन लावून आणतात अधूनमधून. फायदा होतो?

लष्करकर | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

सलाईनचं गणित कर. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरच्या आत कॅलरी. एक मोठी पोळी. प्रोटीन शून्य. शरीरात पाणी कमी पडलं असेल तर बाटली हवीच, पण तिला जेवण समजू नये.

अल्ब्युमिन कमी म्हणजे खाण्यात प्रोटीन कमी, असं सरळ नसतं. लिव्हर सूज-काळातल्या कामाला लागलं की अल्ब्युमिनचं उत्पादन मागे टाकतं, शिवाय ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. तो आगीचा धूर आहे. बाहेरून बाटली ओतून रिपोर्टातला आकडा चार दिवस सुधारेल, मांडीवर मांस चढणार नाही. काही खास कारणांसाठी डॉक्टर देतात, ते वेगळं. पण "ताकद येईल" म्हणून नातेवाइकांनी हट्ट धरू नये.

रामबागी | १५ नोव्हेंबर, रात्री १:२०

धागा रोज वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझी आई मागच्या चैत्रात गेली, पोटाचा होता. मी पण वाटी-चमच्याने मोजायची, वहीत लिहायची. ती तोंड फिरवायची आणि मी म्हणायची, आई तू प्रयत्नच करत नाहीस. एकदा तर मी ताट जोरात आपटलं. तिने घाबरून दोन घास घेतले आणि मोरीत जाऊन ओकली, मला कळू नये म्हणून नळ सोडून.

नंतर मला कोणीतरी समजावलं की भूक मरते ती मनाने नाही, मेंदूत खाली एक जागा आहे तिथे रक्तातून निरोप जातात आणि अन्नाचा वाससुद्धा नको होतो. तोंडाला लोखंडाची चव येते. ती खरंच खाऊ शकत नव्हती.

शेवटच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले आता वही बंद करा. तिला पन्हं हवं होतं. अर्धा चमचा घेतलं, जिभेवर ठेवून बसली कितीतरी वेळ. ताई, अण्णा अजून त्या जागी नाहीत, तुम्ही मोजाच. फक्त ताट आपटू नका.

स्नेहनगरची | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

रामबागी, सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. देवघरात जाऊन बसल्या.

लष्करकर | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

बाई, तुमच्या आईच्या त्या निरोपाला आता नाव आहे, जीडीएफ-१५. मेंदूच्या देठात त्याला ऐकणारा जो रिसेप्टर आहे तो २०१७ मध्ये सापडला. तो निरोप अडवणाऱ्या इंजेक्शनची एक चाचणी २०२४ मध्ये छापून आली, १८७ रुग्ण, त्यांत स्वादुपिंडाचेही होते, वजन वाढलं. अजून चाचण्यांच्याच टप्प्यात आहे, म्हणून कोणी मेडिकलवर शोधायला जाऊ नका. जपानने २०२१ मध्ये भूक वाढवणारी अनामोरेलिन मंजूर केली.

आपल्या देशातलं म्हणाल तर पुद्दुचेरीच्या जिपमर ह्या सरकारी मेडिकल कॉलेजने एक फार चांगलं काम केलं. ओलान्झापिन ही मुळात मनाच्या आजारांवरची स्वस्त जुनी गोळी. पोट, लिव्हर-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १२४ जणांना केमोबरोबर निम्म्यांना ती रोज अडीच मिलिग्रॅम दिली, बाकीच्यांना डमी, बारा आठवडे. गोळीवाल्यांत ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, डमीवाल्यांत ९ टक्के लोकांचं. २०२३ मध्ये छापलं, त्यानंतर अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांतही आलं. झोप येते, शुगरवर लक्ष लागतं, म्हणून अण्णांच्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवर नको.

स्टेरॉइडने भूक लागते, पण लांबवलं तर तेच मांस खातं. मेजेस्ट्रॉल ह्या हार्मोनच्या औषधाने वजन वाढतं, पण बहुतेक चरबी आणि पाणी, आणि रक्ताच्या गुठळ्यांची भीती. काटा खूश, मांडी तशीच.

स्नेहनगरची | २८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

अपडेट. वजन ६१.५. पडलं, पण तीन आठवड्यांत अर्धा किलोच! शौच सुधारलंय, पोट फुगत नाही. सोयाचा चुरा खिचडीत घातला तर अण्णा म्हणाले हे काय भुसा, आता तोच कांदा-टोमॅटोत परतून वर जीरावन मसाला टाकते तर गुपचूप खातात. चक्क्यात थोडी वेलची. रोज ६०-६५ ग्रॅमपर्यंत जातं, ७५ एकदाच झालं.

ओलान्झापिन डॉक्टरांनी सुरू केली, पहिले चार दिवस अण्णा दुपारपर्यंत पेंगत होते, आता ठीक. खुर्चीवरच्या उठा-बशा ३० सेकंदांत चार.

आणि अंडं. अण्णांनीच मिटवलं. म्हणाले, अगं मी नोकरी लागल्यापासून कॉफी हाऊसमध्ये ऑम्लेट खातोय, ३५ वर्षं. सासूबाई पाच मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, तरीच शनिवारी संध्याकाळी भूक नसायची. सध्या गॅलरीत छोटी शेगडी, वेगळा तवा, मी करते. दार बंद.

भियाजी_इंदूरी | २८ नोव्हेंबर, रात्री १०:२२

३५ वर्षं! अण्णा जिंदाबाद.

स्नेहनगरची | २० डिसेंबर, रात्री ९:४०

६१.८. उठा-बशा सात. फिजिओसाहेब, काल सराफ्यातून गराडू, तो तळलेला कंद, आणला, अण्णांना थंडी पडल्यापासून हवा होता, तेलकट म्हणून मी नाही म्हणत होते, मग झोपाळाताईंना विचारून कॅप्सूलबरोबर पाच तुकडे दिले, लिंबू पिळून. काही त्रास नाही. नणंद आली होती, तिने अण्णांचा दंड दाबून बघितला आणि तो व्हिडिओ ग्रुपवरून डिलीट केला. बोलली काहीच नाही.

पलासियाचा_फिजिओ | २० डिसेंबर, रात्री ११:५०

चारचे सात म्हणजे मस्त. आता बाटल्या एक लिटरच्या करा, अर्ध्या भरून सुरू करा.

स्नेहनगरची | ११ जानेवारी, दुपारी ४:३०

मधे ताप आला, पांढऱ्या पेशी घसरल्या, पाच दिवस ॲडमिट. वजन ६०.९, उठा-बशा पुन्हा पाच. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. झोपाळाताईंना फोन केला तर म्हणाल्या की असा दणका बसतोच, आधी काही कमावलं होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. अंगठी आता सासूबाईंच्या साखळीत आहे, दोऱ्याचा नाद सोडला.

सीटीत गाठ थोडी आक्रसलीये, म्हणून सर्जनचं मत घ्यायला आज अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला निघतोय. रात्रीचं जेवण गाडीतच. सासूबाईंनी दोन डबे भरलेत. मी गॅलरीत गेले तर शेगडी गार आणि तवा धुऊन उपडा घातलेला, म्हणजे ऑम्लेट कोणी केलं ते विचारायची सोयच नाही. एका डब्यावर चिकटपट्टी लावून पेनाने "अंडे" असं लिहिलंय, आणि झाकणाच्या आतून कागदाच्या पुडीत दोन कॅप्सूल चिकटवल्यात.